पाणी जातंय कुठं?

आमची गाडी जून २०१० ची, एमएच १९ पासिंग, डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १५ वर्षं झालेल्या कुठल्याही गाडीचं हे होऊ शकतं, आणि जे झालं त्यात कंपनीपेक्षा आमच्या घराचाच वाटा मोठा होता. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते अमळनेरला राहतात, मी जळगावला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूमुळे अण्णांनी स्टिअरिंग सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा चुलतभाऊ गाडी फिरवून आणायचा, आणि अण्णा रोज सकाळी बॉनेट उघडून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात तांब्याने भर टाकायचे. बोअरचं पाणी. तुळशीला घालतात तसं, न चुकता.

गाडीला रोज पाणी का लागतंय, हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नाही, मलाही नाही. तो पडला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. सुट्ट्या लागत होत्याच, म्हणून मी माहेरीच मुक्काम ठोकला. शुक्रवारी, २ मे रोजी, अण्णांना डोळे दाखवायला धुळ्याला घेऊन निघाले. सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं, एसी सुरू. नवलनगरच्या अलीकडे सहज लक्ष गेलं तर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. एसी बंद केला आणि हीटर पूर्ण गरमवर लावला. अण्णांना वाटलं पोरीला ऊन लागलं. पण हीटर म्हणजे आतला एक छोटा रेडिएटरच, म्हणजे पाणी गार करणारी जाळी असते, इंजिनची थोडी उष्णता तो बाहेर खेचतो. तेवढ्या आधारावर समोरच्या कडुलिंबाखाली पोहोचले आणि इंजिन बंद केलं.

अण्णा उतरले ते थेट पाणी भरायच्या झाकणाकडे. मी किंचाळलेच. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल झालं की उकळतं पाणी नि वाफ तोंडावर येते. आम्ही पाऊण तास थांबलो. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाले दादा थांबले आणि सल्ला देऊन गेले, "ताई, चिमूटभर हळद टाका, गळती बुजते." हा उपाय आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हळदीने बारीक छिद्र तात्पुरतं बुजतंही, पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. हळद नव्हतीच आमच्याकडे. डब्यात पुरणपोळ्या होत्या, त्या खाल्ल्या.

इंजिन निवल्यावर थोडं थोडं करत अडीच लिटर पाणी आत गेलं. एकदम ओतायचं नाही, तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. मग ४० च्या वेगाने, डोळा काट्यावर ठेवून, धुळ्याच्या तोंडाशी असलेलं पहिलं गॅरेज गाठलं. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, नळीला बोट लावलं आणि निकाल दिला, "मॅडम, हेड गेलं. इंजिन उघडावं लागेल. २५ ते ३० हजार धरून चाला."

मला यातलं फारसं कळत नाही. पण हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं की ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसतं, एवढं ऐकून होते. ऑइल बघायची गेजकाडी काढून पाहिली. ऑइल काळं कुळकुळीत, डिझेल गाडीचं असतं तसं. मागे पांढरा धूरही नव्हता. "तपासून सांगता का?" विचारलं तर तो म्हणाला, "उघडल्याशिवाय कसं कळणार?" त्याचं खोटंच होतं असं मी म्हणणार नाही. पण न तपासता ३० हजार ऐकायची माझी तयारी नव्हती. अण्णांना रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं आणि चुलतभावाला फोन केला. संध्याकाळी तो जीप घेऊन आला, दोर बांधला आणि गाडी टोचन करून अमळनेरला आणली. आयुष्यात पहिल्यांदा बंद गाडीचं स्टिअरिंग धरून बसले. इंजिन बंद म्हणजे ब्रेकही दगडासारखा कडक, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला सांगून ठेवते: दोर ताणलेला ठेवायचा, आणि पुढच्याने अगदी हळू जायचं.

शनिवारी, ३ मे रोजी, गाडी अण्णांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे लावली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी त्या दिवशी हातच लावला नाही, दोन गाड्या आधीच्या होत्या. सोमवारी त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. झाकणाच्या जागी एक हातपंप बसवला, त्यावर दाब दाखवणारं छोटं घड्याळ. गाडी थंड, इंजिन बंद. पंप मारून दाब १ बारपर्यंत नेला आणि आम्हाला म्हणाले, "आता चहा घेऊ." चहा होईपर्यंत काटा निम्म्यावर आला होता. मग टॉर्च घेऊन ते खाली झोपले. "ताई, या, बघा."

मी पण झोपले. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला जिथे ॲल्युमिनियमची पट्टी दुमडून बसवलेली असते, तिथून एकेक थेंब. आणि दुसरीकडे वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथूनही ओल. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं आणि मालकाला कळावं म्हणून. आमच्या पंपाने कळवून किती महिने झाले होते कुणास ठाऊक. भोकाखाली पांढऱ्या क्षाराची रेघ उमटलेली, भिंतीवर ओल फुटते तशी. पाणी गरम इंजिनवर पडून वाळून जायचं, म्हणून अंगणात डाग कधी दिसलाच नाही.

मग इंजिन सुरू करून बॉनेटखालच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात का ते पाहिलं. सतत बुडबुडे आले असते तर गॅस्केट फुटून सिलेंडरमधला गॅस पाण्यात येतोय असा अर्थ झाला असता. नाही आले. हेड वाचलं होतं. मला तिथेच रडू आलं, ते मी घाम पुसण्याच्या निमित्ताने आवरलं.

पुढचा धक्का वेगळाच होता. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. तीन-चार वर्षांपूर्वी कुठल्याशा मेकॅनिकने "आपल्याकडच्या उन्हात याचं काय काम" म्हणून काढून फेकला होता. अण्णांना आठवलं. त्यांनी होकारही दिला होता. खानदेशात हे सर्रास चालतं आणि ऐकायला पटतंही. पण थर्मोस्टॅट ही झडप आहे. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि उघडल्यावर पाण्याला योग्य वाट दाखवते. ती काढली की हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त जातं. काही इंजिनांत तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरतं आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते. अण्णांच्या वहीत डिझेलच्या नोंदी होत्या. लिटरला १७ चं ॲव्हरेज १४ वर कधी आलं ते पाहिलं. तीन-चार वर्षांपूर्वीच.

वॉटर पंप आमच्या इंजिनात टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर फिरतो. पंपापर्यंत पोहोचायचं तर बेल्ट काढावाच लागतो. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद अण्णांच्या वहीतही नव्हती. चाचा म्हणाले, मजुरी एकदाच लागणार आहे, बेल्ट नि तो ताणून धरणारा टेन्शनर आत्ताच बदला. टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग खरोखरच २५-३० हजार. इथे मी कंजूषपणा केला नाही. रबरी होज, म्हणजे पाण्याच्या जाड नळ्या, मात्र "चालतील अजून" म्हणून ठेवायच्या विचारात होते. चाचांनी जुना होज हातात देऊन दाबायला लावला. बाहेरून बरा, दाबला की आतून करकर आवाज. मग सगळेच बदलायचे ठरलं.

रेडिएटर झाळून मिळेल का म्हणून मी बाजारात विचारून आले. जुन्या पितळी रेडिएटरला डाग देता येतो, गाळ साठला तर सळ्या घालून नळ्याही साफ करतात. पण प्लॅस्टिकच्या टाकीला कुठला डाग? एकाने एम-सील लावून देतो म्हटलं. त्याला नमस्कार केला.

६ मे रोजी ॲडव्हान्स देऊन ऑर्डर दिली. रेडिएटर, होज, बाटली धुळ्याहून दुसऱ्या दिवशी आलं. पंप नाशिकहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने ९ तारखेला आला आणि चुकीचा निघाला. दात सारखे दिसत होते, पण बोल्टची एक जागा जुळेना. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पंप बदललेला असू शकतो. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, "इलेक्ट्रिकल आणि पंप परत होत नाही, बिलावर लिहिलंय." लिहिलं होतं खरं, बारीक अक्षरात. चाचांनी स्वतः फोन करून, दुकानदाराला त्याच्या आजोबांपासूनची ओळख सांगून तो बदलून घेतला. म्हणून सांगते, चेसिस नंबरचा फोटो आणि शक्य असेल तर जुना सुटा भाग हातात घेऊनच दुकानात जा. फोनवर "२०१० चं मॉडेल" एवढं सांगून भागत नाही. आणि पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर थोडे कमी पडतात, पण मग वॉरंटी विसरा.

बरोबर पंप १३ मे रोजी आला. मधले दिवस वाट पाहण्यातच गेले. आत्या म्हणाली भंगारात द्या, चुलतभाऊ म्हणाला तेवढ्याच पैशांत त्याच्या बाइकचं डाउन पेमेंट होईल. अण्णा काहीच बोलत नव्हते. रोज सकाळी तांब्या घेऊन अंगणात यायचे, गाडीची रिकामी जागा बघायचे आणि ते पाणी शेवग्याला घालून आत जायचे.

त्याच काळात मी थर्मोस्टॅट घरी आणला होता. चाचा म्हणाले, नवा असला तरी तपासून बसवावा, डब्यातलेही खराब निघतात. मग आमच्या स्वयंपाकघरात प्रयोग. पातेल्यात पाणी, दोऱ्याने मधोमध टांगलेला थर्मोस्टॅट, शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं असतं, म्हणजे ८२ अंशाला उघडायला सुरुवात. तळाला टेकवायचा नाही, नाहीतर गॅसची आच थेट लागते. अण्णांना खुर्ची दिली, पण ते पातेल्यावरच वाकून उभे. आकडे त्यांना दिसत नव्हते, मी वाचत होते: ७६, ७९, ८१. ८३ ला तबकडी हळूच सरकली. "उघडनं का?" त्यांनी विचारलं. उघडलं म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी याले काढाले सांगं व्हतं."

१४ मे रोजी काम सुरू झालं. जुना रेडिएटर उतरवल्यावर आतून जे पाणी आलं ते विटेच्या रंगाचं. ब्लॉकमधून पाइपने पाणी सोडलं, चार वेळा, तेव्हा कुठे नितळ आलं. जुन्या पंपाची पाती खाऊन खाऊन बिस्किटासारखी झालेली. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा कडक थर. तो थर मी लगेच ओळखला. आमच्या पाणी तापवायच्या कॉइलवर बसतो तोच. अमळनेरच्या बोअरचं जड पाणी, रोज एक तांब्या. पाणी गळून जायचं, तापून सुटलेले क्षार आत बसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. चाचांनी तो थर नखाने खरवडून अण्णांसमोर धरला आणि काहीतरी बोलणार होते. मी मान हलवली. त्यांनी हात फडक्याला पुसला.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिनच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाबद्दल, मलाही गैरसमज होता. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी पुरे, असं वाटायचं. पण त्यातलं ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज नि क्षार रोखतात. उन्हाळ्यात खरी मदत झाकणाची असते. कुकरची शिट्टी करते तेच काम ते झाकण करतं. सुमारे १ बार जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, १०० ला नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं. एवढ्याशा झाकणासाठी लोक इंजिन गमावतात, म्हणून ते नवंच घेतलं. आमच्या गाडीत एकूण सहा लिटर मावतं. तीन लिटर कूलंट, तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर, आधी बादलीत मिसळून मग भरलं. कूलंटचा रंग पाहून प्रकार ठरवू नका, एकाच रंगात वेगवेगळे प्रकार मिळतात. डब्यावरचं वाचा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. सांडलेलं लगेच धुवा. चवीला गोड असतं म्हणे, पण विषारी आहे, गल्लीतली कुत्री चाटतात.

भरल्यावर हवा काढायला पूर्ण तास गेला. गाडीचं नाक चढावर, हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन संथ. चाचा होज हाताने दाबत होते आणि बाटलीत बुडबुडे येत होते. आत हवा राहिली तर नवे भाग टाकूनही काटा वर जातो, आणि मग लोक नव्या रेडिएटरला शिव्या घालतात. वरचा होज बराच वेळ गार होता. मग एकदम तापला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. चाचांनी तीन फेऱ्या मोजल्या आणि झाकण लावलं.

हिशेब असा झाला. रेडिएटर ४,२००. वॉटर पंप १,७५०. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर २,९००. थर्मोस्टॅट घरासकट ८५०. सगळे होज नि क्लिपा १,१००. बाटली आणि झाकण ७८०. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर १,२२०. मजुरी ३,०००. एकूण १५,८०० रुपये. टोचनचं चुलतभावाने काही घेतलं नाही, पण तीन दिवस आमरस खाऊन गेला.

१८ मे, रविवारी, त्याच रस्त्याने धुळ्यापर्यंत जाऊन आले. काटा निम्म्याच्या किंचित खाली येऊन थांबला आणि एसीतही हलला नाही. काटा असा एका जागी थांबतो हे मी विसरूनच गेले होते. ५०० किलोमीटरनंतर खालच्या होजच्या क्लिपशी हलकी ओल दिसली. नवं रबर बसलं की क्लिप सैल पडते. थंड इंजिनवर अर्धा फेरा आवळली.

आता आरटीओ. रजिस्ट्रेशनची १५ वर्षं १४ जूनला संपत होती. गाडी बंद असताना हीच टांगती तलवार होती, कारण नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. मी २६ मे रोजी परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २५ भरला. ओटीपी अण्णांच्या जुन्या नंबरवर जात होता आणि ते सिम केव्हाच बंद पडलेलं. नंबर बदलण्यातच तीन दिवस गेले. हे आधी करून ठेवा. फी तेव्हा ५,००० रुपये होती, २०२२ पासूनची. डिझेल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,५००. कार्ड-टपालाचे किरकोळ वेगळे. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी, आधी लावून घेतली होती, तिचे ८७९. विमा नि पीयूसी चालू असायला हवेत. पीयूसीवाला म्हणाला, "मॅडम, १५ वर्षांची असून धूर कमी आहे." मी चाचांना फोन करून सांगितलं.

१० जूनला जळगावला गाडी दाखवली. साठेक किलोमीटर, काटा जागेवर. साहेबांनी चेसिस नंबर पेन्सिलने घासून छाप घेतला, दिवे, हॉर्न, वायपर पाहिले, मागची पाटी पाहिली. बॉनेट उघडलं ते फक्त नंबरासाठी. रेडिएटर चकचकीत नवा होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला जरा वाईटच वाटलं. दहा मिनिटांत झालं. आणखी पाच वर्षं मिळाली.

अण्णांना तांब्याबद्दल काय सांगायचं, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी बाटलीवर, पाण्याच्या पातळीला, लाल इन्सुलेशन टेप गोल चिकटवली. रंग ठळक, त्यांना दिसेल असा. तयार कूलंटची एक लिटरची बाटली डिकीत ठेवली. म्हटलं, अण्णा, गाडी गार असताना रोज फक्त बघायचं, पाणी टेपच्या खाली गेलं तर मला फोन करायचा. टाकायचं काही नाही.

आता रोज सकाळी सातला, मी शाळेत निघायच्या गडबडीत असताना, त्यांचा फोन येतो.

"पानी हालनं नही."